आत्याबाईंच्या डोळ्यातलं प्रोटीन

वाशिमजवळच्या मालेगावातलं आमचं स्वयंपाकघर एवढंसं होतं की एकीने पोळ्या लाटायला घेतल्या की दुसरीने दारातूनच परत फिरायचं. ते मागच्या अंगाला वाढवायचं असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. शेवटी एका दिवाळीनंतर नवऱ्याने मिस्त्री ठरवला, जुनी भिंत पाडली, आणि त्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी परसात खाट टाकून घेतली. काम नीट होतं की नाही यावर लक्ष ठेवायला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्या वऱ्हाडात तसंच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, चालणं खणखणीत, आणि मत नाही असा एकही विषय नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर वर्ग सांभाळून घरी यायचं आणि हातपाय धुवायच्या आधी परसातलं भांडण सोडवायला बसायचं, असे ते दिवस होते.

"भित वाकडी हाय," आत्याबाई म्हणाल्या. विटांचे जेमतेम चार थर चढले होते.

मिस्त्री गरीब माणूस. त्याने ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं ते वजन भिंतीशी लोंबतं सोडलं आणि म्हणाला, "पाहा आजी, दोरीले लागून हाय भित. सूतभर फरक नाही."

"मंग तुही दोरी वाकडी हाय."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे, आणि नवऱ्याने जमिनीकडे. लोंबती दोरी वाकडी कशी असेल हे मी आत्याबाईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "माह्या डोयानं दिसून राह्यलं ना मले. तू कायले शिकवतं?"

नवऱ्याचा स्वभाव असा की आईने सूर्य पश्चिमेला उगवला म्हटलं तरी तो म्हणेल, उगवला असेल एखाद्या दिवशी. त्याने मिस्त्रीला बाजूला घेतलं आणि, "माय म्हन्ते तं काढ ना बावा दोन थर," असं म्हणाला. मिस्त्रीने दोन थर काढले, पुन्हा लावले. आत्याबाई म्हणाल्या, आता जास्त वाकडी झाली. त्याने पुन्हा काढले. त्यानंतरही खाटेवरून तेच ऐकू आलं, तेव्हा त्याने थापी धुतली, पिशवीत टाकली आणि, "आजीच्या हातानं बांधून घ्या मॅडम," असं मला म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, तो जऊळक्याला दुसऱ्या कामावर लागलाय.

मग अर्धवट भिंतीवर ताडपत्री. वारा सुटला की गॅस विझायचा. एकदा कुत्रं आत शिरून कणकेचा गोळा घेऊन गेलं. मी सकाळी साडेदहाच्या शाळेसाठी डबा करत असताना ताडपत्री फडाफडा माझ्या डोक्यावर आपटायची आणि पलीकडून आत्याबाई म्हणायच्या, "बरं झालं गेला. लायकीचाच नव्हता."

एका रविवारी नवरा उरलेलं सिमेंट हलवत होता. पोतं फुटलं, धूळ उडाली आणि आत्याबाईंच्या डाव्या डोळ्यात गेली. त्यांनी पदराचा बोळा करून डोळ्यावर दाबला, आणि तशाच बसल्या बसल्या ओरडल्या, "अवं, झाली की सीधी!"

"काय झाली?"

"भित! मिस्त्री येऊन गेला काय?"

कोणीही येऊन गेलं नव्हतं. भिंत होती तशी होती. मी हातातलं भांडं ठेवलं, त्यांच्यापुढे जाऊन बसले, आणि पाण्याने डोळा धुवून दिला. मग म्हटलं, पदर काढा. "वाकडी." दाबा. "सीधी." मग मी माझ्या हाताने त्यांचा चांगला, उजवा डोळा झाकला.

"मधात तं काहीच नाही वं," त्या म्हणाल्या. "मधात काळं हाय. तुह्या तोंडाच्या जागी काळं हाय."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून असन."

"आत्याबाई, मग सांगितलं काहून नाही?"

त्यांना रागच आला. "म्या तं सांगूनच राह्यलो! भित वाकडी, चौकट वाकडी, समोरचा लाइटचा खांब वाकडा. तुमी आयकता कोठी?"

खांबाचं खरंच सांगितलं होतं. नवरा तेव्हा म्हणाला होता, वीजमंडळाचं कामच तसं. 

वाशिमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब टाकले, आत पाहिलं आणि म्हणाले, मोतीबिंदू नाही, हे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं आहे, अकोल्याला दाखवा. अकोल्याला जायचं म्हणजे सकाळची एसटी, मेडशी, पातूरचा घाट, आणि खिडकीशी बसलेल्या आत्याबाई प्रत्येक खांबाला एक डोळा झाकून आणि एक उघडा ठेवून पाहतायत.

पडद्याचे डॉक्टर तरुण होते. चांगले होते, तेही मला कबूल आहे. त्यांनी मशीनवर डोळ्याचं स्कॅन काढलं, पडद्यावर टेकडीसारखा उंचवटा दाखवला आणि आत्याबाईंना समजेल अशा भाषेत सांगायला लागले. माझ्या मते घोटाळा तिथेच झाला.

"आजी, आपल्या शरीरात एक प्रोटीन असतं. त्याचं काम नव्या रक्तवाहिन्या तयार करायचं. बाळ पोटात वाढताना ते लागतं, जखम भरताना लागतं. तुमच्या या डोळ्यात ते नको तिथे वाढलंय. त्यामुळे पडद्याखाली बारीक बारीक नसा फुटल्यात, कच्च्या. त्यातून पाणी झिरपतं, पडदा फुगतो. फुगलेल्या पडद्यावर सरळ रेघ वाकडी दिसते."

"मंग आता?"

"त्या प्रोटीनला पकडून ठेवणारं औषध आहे. ते डोळ्यात इंजेक्शनने द्यायचं. सुरुवातीला महिन्याला एक, अशी तीन. मग पाहू."

मला वाटलं, आता इथून उठतील आणि सरळ बसस्टँड गाठतील.

"डोयात सुई?" आत्याबाईंनी विचारलं.

"भूल देऊन. दुखणार नाही."

"अन् नाही घेतली तं?"

"मधलं दिसणं जाईल. कडेचं राहील."

आत्याबाईंनी पदर नीट केला. "मंग घेतो," म्हणाल्या. एवढं साधं. परतीच्या एसटीत मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की तुमच्या आईचं कौतुक करावं तेवढं थोडं. हे मी फार लवकर बोलले.

रात्री पानावर वरण वाढायला गेले तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"वरन नको."

"का? आंबट झालं का?"

"डॉक्टर काय म्हनला? प्रोटीन वाढलं. प्रोटीन दाळीत असते. तूच तं शिकवतं शाळेतल्या लेकरायले."

मी शिकवते, खरं आहे. डाळीत प्रथिने असतात हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या रात्री मी ताटासमोर बसून समजावलं की प्रोटीन काही एक नसतं, त्याचे हजारो प्रकार असतात. डाळीतलं वेगळं, ते पोटात जाऊन तुटतं. डोळ्यातलं ते शरीर स्वतःच तयार करतं. आपले केस, नखं, मांस, सगळं प्रोटीनचंच.

"मंग केस कापू काय?"

"तसं नाही हो आत्याबाई."

"तूच म्हनून राह्यली."

नवरा खाली मान घालून जेवत होता. "राहू दे ना," म्हणाला, "नाही खात तं नाही खात." 

दुसऱ्या दिवशी धनजवरून नणंदेचा फोन आला. नणंद आत्याबाईंची एकुलती लेक, आईवर जीव टाकणारी आणि सल्ला देण्यात आईच्या वरताण. तिच्या सासऱ्यांना मागे किडनीचा त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी त्यांना डाळ कमी करायला सांगितली होती.

"वहिनी, तुमी शिकेल आहा, पन आमाले डॉक्टरनं सोताच्या तोंडानं सांगेल हाय. प्रोटीन वाढलं का दाळ बंद."

"ताई, ते किडनीचं आहे. हा डोळा आहे."

"डोया अन् किडनी एकाच माणसाच्या आंगात हाय ना?"

स्पीकर चालू होता. आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षेत मी नापास झाले.

डाळीपाठोपाठ पिठलं गेलं. मग हरभऱ्याची उसळ. ज्या घराची शेती तूर आणि सोयाबीनवर चालते, त्या घरात या दोन गोष्टी विषासारख्या झाल्या. मग त्यांना आठवलं की तेलही सोयाबीनचंच. तेलात प्रोटीन नसतं हे मी पाकीट दाखवून सांगितलं. त्या म्हणाल्या, छापणाऱ्याचं काय जातं. नवऱ्याने जवसाचं तेल आणलं. त्या तेलाचा वास माझ्या डब्याला लागला आणि शिक्षकांच्या खोलीत दोन बाकं माझ्यापासून लांब सरकली.

पहिलं इंजेक्शन मात्र ठरल्या दिवशी झालं. हिरवा गाऊन, हिरवी टोपी घालून त्या आत गेल्या आणि मी चहाचा घोट घ्यायच्या आत डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून बाहेर आल्या. "एवढ्यासाठी एवढं?" म्हणाल्या. "मुंगी चावल्यावानी झालं." दुसऱ्या दिवशी डोळ्यासमोर काळे बुडबुडे तरंगायला लागले. हे होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं, मी वाचून दाखवलं होतं. तरी पहाटे मला उठवून त्यांनी सांगितलं की डॉक्टरनं डोयात किडे सोडले. बुडबुडे संध्याकाळपर्यंत गेले. काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, यावरूनही भांडण झालं.

त्याच आठवड्यात नवरा जऊळक्याला जाऊन मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने आधी विचारलं, "आजी कोठी बसनार?" आजींना पुढच्या ओट्यावर बसवलं आणि भिंत पुरी झाली. मला स्वयंपाकघर मिळालं. जवसाच्या वासासकट.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांनी नवं स्कॅन दाखवलं. टेकडी बरीच खाली बसली होती. आत्याबाईंना खांब आता थोडासाच वाकलेला दिसत होता. डॉक्टर म्हणाले, उत्तम, तिसरं चुकवू नका. आणि तिसऱ्याच्या आधी आत्याबाई चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे धनजला गेल्या.

चार दिवसांचे आठ झाले. मी फोन केला की नणंद उचलायची. "माय झोपली." "माय शेजारी गेली." तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा आत्याबाई स्वतः फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "पाहू." तारीख आली आणि गेली. नवरा म्हणाला, "येईल ना. तिच्या मनानं येऊ दे." मी त्याच्याशी त्या संध्याकाळी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, कारंज्याला बस बदलली आणि दुपारी धनजला नणंदेच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

आत्याबाई तूर निवडत बसल्या होत्या. डाळ खायची नाही, पण निवडायला चालते.

"आत्याबाई, चला. बॅग भरा."

"मी नाही येत."

"काहून?"

"नाही येत म्हनलं ना."

नणंद पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, तिले तरास नोका देऊ." माझा तोल गेला. मी म्हटलं, यांचा डोळा जातोय आणि त्रास मी देतेय? पोळ्यापासून डोळ्यात काळं आहे हे यांनी लपवलं, आता औषध अर्ध्यावर सोडतायत, आणि तुम्ही दोघी मिळून मला सांगता की मी त्रास देते? माझा आवाज एवढा चढला की शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. आत्याबाईंनी तुरीचं सूप बाजूला ठेवलं आणि साडीचा काठ वर केला.

पायाच्या घोट्याला चिंधी बांधली होती. चिंधी सोडली तर आत जखम. लांबलचक नव्हती, पण कडा सुजलेल्या, आतून ओली, आणि वरून चुना-तंबाखूचा काळपट लेप.

"खुरपं लागलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या सुईच्या आधीचं हाय. भरूनच नाही राह्यलं."

"मग दाखवलं का नाही?"

"कोनाले दाखवू? डॉक्टर काय म्हनला होता, सांग. थे प्रोटीन घाव भरते. अन् थो सुईनं त्या प्रोटीनले मारून राह्यला. मंग माह्या पायाचा घाव भरन कसा? तिसरी घेतली तं पाय कापा लागन. डोया एक गेला तं दुसरा हाय. पाय गेला तं कोन नेईन मले संडासले? तू?"

मी खाली बसले. राग गेला नव्हता, पण तो आता कोणावर काढावा ते कळेना. लपवून ठेवलं म्हणून त्यांच्यावर, लेप लावला म्हणून नणंदेवर, की जखमेचं उदाहरण दिलं म्हणून त्या भल्या डॉक्टरवर? माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ऐकलेल्या दोन गोष्टी अशा एकमेकींना जोडून मला प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं. आणि ही बाई तोच प्रश्न पोटात घेऊन घोट्याला चिंधी बांधून इथे लपून बसली होती.

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "पण डॉक्टरला विचारू. तुम्ही स्वतः विचारा."

"थो काय खरं सांगन?"

"विचारून तर पाहा."

नणंदेने भाकरी वाढली. दुपारच्या बसने आम्ही कारंज्याला आलो. तिथल्या एका डॉक्टरने जखम धुवून ड्रेसिंग केलं, बोटाला टोचून रक्त तपासलं आणि मला विचारलं, "यांना शुगर आहे हे माहीत होतं ना?" आम्हाला माहीत नव्हतं. भरपूर होती.

अकोल्याला या वेळी आत्याबाईंनी स्वतः विचारलं. खुर्चीत बसल्याबरोबर पाय पुढे केला आणि, "हे तुमच्या सुईनं झालं काय?" असं म्हणाल्या. मी लाजेने भिंतीकडे पाहत राहिले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी वाकून पाय पाहिला.

"आजी, प्रश्न बरोबर आहे. पण औषध डोळ्यात थेंबापेक्षाही कमी जातं. घोट्यापर्यंत पोचून तिथली जखम अडवेल एवढं ते नसतं. तुमची जखम साखरेमुळे भरत नाहीये. साखर आटोक्यात आणा, भरेल. आणि असं काही असलं तर आधी मला सांगायचं, लपवायचं नाही."

"म्हंजे प्रोटीनचा दोष नाही?"

"पायाच्या बाबतीत नाही. आणि डाळ खाता ना? जखम भरायला डाळ लागते."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"खातो ना," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी वरणाची वाटी दोनदा मागून घेतली, आणि साखर बंद म्हणून चहा कडू करून दिला तर पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "पहिले दाळ बंद करवली, आता चहा. या घरात खायचं काय मानसानं?" डाळ बंद कोणी करवली होती हे विचारायची ताकद माझ्यात उरली नव्हती. नवरा म्हणाला, "अर्धा चमचा टाक ना." मी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

तिसरं इंजेक्शन उशिरा का होईना झालं. पायाची जखम भरायला खूप दिवस लागले. रोज ड्रेसिंग, रोज गोळ्या, आणि रोज नणंदेचा फोन. पण भरली. डोळ्याचं तेवढं चांगलं झालं नाही. सुजेचं पाणी ओसरलं, रेघा बऱ्याचशा सरळ झाल्या, पण मधोमध एक धुरकट ठिपका राहिला. मध्ये खंड पडला म्हणून राहिला का, असं मी डॉक्टरांना एकटीने विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, तसाही राहिला असता कदाचित. आत्याबाईंना मी ते विचारल्याचं सांगितलं नाही. त्यांनीही कधी त्या ठिपक्याबद्दल तक्रार केली नाही. त्यांना तक्रारी करायला इतर खूप गोष्टी आहेत.

आता इंजेक्शनं लांबलीत, पण संपलेली नाहीत. ते प्रोटीन पुन्हा डोकं वर काढतं, मग पुन्हा सुई. प्रत्येक वेळी तेच. तारीख सांगितली की त्या दिवशी नेमकी चतुर्थी निघते, किंवा एसटीतली बाजूची बाई खोकत असते, किंवा दुपारचा डॉक्टर चांगला अन् सकाळचा नाही. सकाळी आणि दुपारी डॉक्टर एकच आहे. थेंब टाकायला बसलं की त्या डोळा असा गच्च मिटतात की औषध गालावरून कानात जातं, आणि मग म्हणतात, "तुले टाकताच नाही येत."

परवा अकोल्याला जायचंय. जऊळक्याला कोणाच्यातरी नातवाचं लग्न आहे आणि त्याच दिवशी आहे, म्हणून तारीख पुढे ढकल, असं काल सकाळी त्यांनी सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हटलं. नवरा शेतात पाणी पाहायला म्हणून निघून गेला, ते अंधार पडेपर्यंत आला नाही. तेव्हापासून आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. जेवण मागायचं असलं की भिंतीला सांगतात.

मघाशी मी कपडे वाळत घालून आत आले तर त्यांच्या खोलीत खाटेवर बाहेर जायची लुगडं-चोळी काढून ठेवलेली होती. लग्नासाठी की अकोल्यासाठी, ते मी विचारलं नाही. मी अकोल्याच्या दोन तिकिटांच्या हिशेबाने सुट्टे पैसे पर्समध्ये टाकले आणि रजेचा अर्ज लिहायला बसले.